माइकच्या टोप्या

सेकोंडीच्या आमच्या चर्चमध्ये
माझी जागा शेवटच्या बाकाच्याही मागे,
खांबाआड, जिथून वेदी अर्धीच दिसते.
सहा दिवस मी बंदरात क्रेनच्या मोटारी दुरुस्त करतो.
सातव्या दिवशी विसावा फक्त देवाला.
मी पहाटे पाचला येतो,
जमिनीवर गुडघे टेकतो
आणि केबलवर चिकटपट्टी लावतो,
कुणा म्हातारीची चप्पल अडकू नये म्हणून.
लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणूस आहे.

हे काम मला अटो एसिल्फींनी शिकवलं.
टेलिफोन खात्यातून निवृत्त, कानात केस,
बोलणं मोजून,
जणू प्रत्येक शब्दाला ट्रंककॉलचा दर.
पहिल्या दिवशी म्हणाले,
"वायरीला आपला पीळ आठवतो.
जबरदस्ती नको, तिच्या कलाने गुंडाळ."
दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत.
तिसऱ्या महिन्यात म्हणाले,
"माना वळल्या, तर तुझं चुकलं.
नाही वळल्या, तर उपासना झाली."

मी तरुण होतो. मला माना वळायला हव्या होत्या.

आणि अराबा सॅकी.
गायनवृंदात सगळ्यांत पुढे उभी राहायची,
तिचा वरचा सूर ऐकून
दारातली कोंबडीसुद्धा थांबायची.
एका रविवारी तिने सगळ्यांदेखत
मला "ए वायरवाल्या" म्हटलं.
पुढच्या रविवारी, ती त्याच सुराकडे चढत असताना,
मी तिचा फेडर खाली सरकवला.
फार नाही. भाताच्या शिताएवढा.
तिने घसा खाकरला, पुन्हा चढली,
मी पुन्हा शिताएवढा.
तिला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं.
बाकांवर कोणाला कळलं नाही.
अटोंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग छताकडे.

रागावले नाहीत.
उपासना संपल्यावर सगळ्या माइकच्या
फोमच्या टोप्या काढल्या, सात,
आपल्या रुमालात बांधल्या
आणि माझ्या हातात दिल्या.
"घरी ने. धू. हाताने."

रात्री नळाला पाणी नव्हतं.
पिंपातलं उरलंसुरलं गंगाळात ओतलं.
एका टोपीला पाळकांच्या आल्याच्या चहाचा वास,
एकीला धुरावलेल्या मासळीचा,
एकीत कोणाची तरी थुंकी वाळून खडा झालेली.
आणि एकीवर लाल लिपस्टिक,
अर्ध्या ओठांचा आकार,
शब्द निघता निघता राहून गेल्यासारखा.
ती काही निघेना.
बायकोने विचारलं, कुणाची?
मी साबण लावून चोळत राहिलो.
गंगाळ, पाणी, रुमाल:
ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो,
तिच्यात वासही असेल
हे कधी मनात आलं नव्हतं.

अराबाला मी सांगितलं का?
नाही. अजून नाही.

अटो गेले ते जानेवारीत,
वाळवंटाकडून वारा येतो, घशात धूळ बसते, तेव्हा.
त्यांच्या दफनविधीत वीज दोनदा गेली.
जनरेटर खोकत खोकत जागा झाला.
गायली अराबाच. आता तिचं खरंच वय झालं होतं.
वरच्या सुराआधी तिचा श्वास थरथरला,
हेडफोनमधून, एकट्या माझ्या कानात.
मी फेडर वर नेला. शिताएवढा.
मग आणखी थोडा.
शवपेटीजवळ अटोंची बायको डोळे मिटून ऐकत होती.
एकही मान वळली नाही.

नंतर सगळे जेवायला अंगणात गेले.
मी केबल गुंडाळत होतो, तिच्या कलाने.
अराबा माइक द्यायला आली, म्हणाली,
"आज आवाज लागला, नाही का?"
"लागला," मी म्हणालो.
ती गेली.

रुमाल पसरून टोप्या मोजल्या.
सहाच भरल्या.
सातवी शोधायला
मी बाकांखाली शिरलो.